जुन्या फोर्ड-शेवरलेचं सस्पेन्शन अपग्रेड करताय? हार्ड स्प्रिंग टाकण्याआधी हे वाचा

जळगावहून धुळ्याला निघालात की पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे असं करत साधारण ९० किलोमीटरचा प्रवास होतो. जुना नॅशनल हायवे ६, आताचा ५३. यातल्या तरसोद ते फागणे टप्प्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं रखडलं की खड्डा चुकवत गाडी हाकणं हे इथल्या ड्रायव्हरच्या अंगवळणीच पडलं.

या रस्त्यावर एमएच-१८ आणि एमएच-१९ पाटीच्या काही जुन्या सेडान अजूनही दिसतात. फोर्ड आयकॉन, फिएस्टा, शेवरले ऑप्ट्रा, क्रूझ. कुणाच्या वडिलांनी हौसेनं नवी घेतलेली, कुणी सेकंड हँड बाजारातून स्वस्तात उचललेली. इंजिन ठणठणीत असतं, एसीही चांगला गार करतो. पण स्पीड ब्रेकरवरून उतरली की खालून 'खट्ट' आवाज येतो. मागे तिघं बसले की गाडीचं बूड टेकतं. ऐंशीच्या वेगात गाडी होडीसारखी डोलायला लागते आणि शेजारी बसलेली आई वरचं हँडल घट्ट धरते.

मग घरातला पोरगा रील बघतो. हार्ड स्प्रिंग, लोअरिंग किट, पॉली बुश, स्प्रिंगमध्ये बसवायचे रबरी बफर. गॅरेजवाल्या भाऊंना फोन जातो, "गाडी एकदम टाइट करून द्या." पैसे जातात आणि गाडी खरंच टाइट होते. फक्त पहिल्यापेक्षा जास्त आपटायला लागते, आणि 'खट्ट' आवाज तसाच राहतो.

असं का होतं? आणि मग जुन्या अमेरिकन सेडानचं सस्पेन्शन सुधारायचं तर नेमकं काय, कोणत्या क्रमानं करायचं? सगळं नीट समजून घेऊ.

आधी बघू, या अमेरिकन गाड्या आपल्याकडे आल्या कशा

अमेरिकन गाडी महाराष्ट्राला नवी नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली होती. पुढं १९४० च्या दशकाच्या शेवटी कुर्ल्यात प्रीमियर कंपनी क्रायस्लरच्या सहकार्यानं डॉज आणि प्लायमाउथ गाड्या जोडायला लागली. मग परवान्यांचं राज्य आलं, परदेशी कंपन्या गेल्या आणि रस्त्यावर अॅम्बेसेडर आणि फियाटच उरल्या.

उदारीकरणानंतर त्या परतल्या. महिंद्रा आणि फोर्ड यांच्या भागीदारीतली एस्कॉर्ट १९९६ मध्ये नाशिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली. म्हणजे धुळ्याहून आग्रा रोडनं तीनेक तासांवर. १९९९ मध्ये फोर्ड आयकॉन आली आणि 'जोश मशीन' म्हणून गाजली. २००३ मध्ये जनरल मोटर्सनं शेवरलेचं नाव भारतात आणलं, ऑप्ट्रा आली. २००५ मध्ये फिएस्टा, २००६ मध्ये अॅव्हिओ, २००९ मध्ये क्रूझ.

आणि मग दोघंही गेले. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी डिसेंबर २०२० पर्यंत चालला, नंतर तो ह्युंदाईकडे गेला. फोर्डनं ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं.

कंपनी गेली, गाडी मात्र दारात उभीच आहे.

इथं एक गंमत लक्षात ठेवायची. या गाड्यांवर नाव अमेरिकन असलं तरी त्यांची हाडं अमेरिकन नाहीत. आयकॉन युरोपातल्या फिएस्टावरून तयार झाली. ऑप्ट्रा आणि अॅव्हिओ मुळात कोरियातल्या देवू कंपनीच्या गाड्या. त्यामुळं इंटरनेटवर 'जुन्या अमेरिकन सेडानचं सस्पेन्शन' म्हणून जे व्हिडिओ दिसतात, ते आपल्या कामाचे नसतात. ते असतात फोर्ड क्राउन व्हिक्टोरियासारख्या गाड्यांचे. लांबलचक, जड, वेगळ्या चॅसीवर बॉडी ठेवलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि मागे अखंड अॅक्सल असलेल्या. अमेरिकेच्या सरळ हायवेसाठी त्या मुद्दाम मऊ केलेल्या होत्या, म्हणून तिकडचे लोक त्यांना कडक करतात. आपली आयकॉन किंवा ऑप्ट्रा पुढच्या चाकांवर चालते. ती मुळात तेवढी मऊ नव्हतीच. आज ती डोलत असेल तर त्याचं कारण वय आहे.

स्प्रिंगचं काम काय, शॉकअपचं काय?

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. चाक खड्ड्यात गेलं की ती दबते आणि परत उसळते. स्प्रिंगला एकटं सोडलं तर ती बराच वेळ वरखाली होत राहील.

शॉकअॅब्सॉर्बर, म्हणजे आपल्या भाषेत शॉकअप, ही उसळी थांबवतो. त्याच्या आत तेल असतं. दांडा वरखाली झाला की ते तेल बारीक छिद्रांमधून जबरदस्तीनं जातं आणि उसळीतली ताकद उष्णतेत बदलते. लांब खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर तो गरम लागतो, तो यामुळंच.

तिसरा भाग म्हणजे बुश. लोखंडी आर्म जिथं जिथं बॉडीला जोडला जातो, तिथं तिथं रबराचा बुश असतो. तो हादरे गिळतो आणि चाकाला जागेवर धरून ठेवतो. दिसायला अगदी क्षुल्लक. पण फाटला की ब्रेक मारताना चाक थोडं मागे सरकतं, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं आणि टायर एका कडेनं झिजतो.

या सगळ्या गाड्यांना पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट आहे. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, वरचं टोक बॉडीला, खालचं टोक चाकाच्या नकलला. ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची. त्यांनी ती जनरल मोटर्समध्ये असताना एका छोट्या शेवरलेसाठी विकसित केली. ती गाडी बाजारात आलीच नाही. १९४७ मध्ये मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० मध्ये दाखवलेल्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिर गाड्यांमध्ये ही रचना पुढच्या चाकांना आली. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे हीच असते.

या रचनेत भाग कमी, जागा कमी, खर्चही कमी. पण तोटा असा की शॉकअप नुसता उसळी थांबवत नाही, तो चाकाला उभंही धरतो. त्यामुळं तो थकला की आरामासोबत स्टिअरिंगही बिघडतं.

खानदेशात सस्पेन्शन लवकर का थकतं?

दोन कारणं आहेत. ऊन आणि काळी माती.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हे कुणाला सांगायला नको. डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. गाडीच्या खाली रबराचे बुश, शॉकअपचे सील, धूळ अडवणारे बूट असं सगळं या भट्टीत वर्षानुवर्षं राहतं. उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजन-ओझोननं रबर कडक होतं, मग त्याला भेगा पडतात. म्हणून कमी चाललेल्या गाडीचे बुशही फाटलेले निघतात. 'गाडी फक्त ५०,००० चालली आहे' हे वाक्य इंजिनसाठी चांगलं, पण रबर वर्षं मोजतं.

दुसरी गोष्ट काळी माती. कापसाला ही माती सोन्यासारखी. रस्त्याखाली मात्र डोकेदुखी, कारण पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. नीट भराव न करता त्यावर रस्ता केला की काही वर्षांत तो लाटांसारखा होतो. खड्डा एकही नसतो, तरी गाडी झोके घेते.

इथं थोडं गणित करू. साधारण कारची बॉडी तिच्या स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा वरखाली होते, ही तिची स्वाभाविक लय. आता ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. रस्त्यावर दर १८ मीटरला एक उंचवटा असेल तर सेकंदाला साधारण सव्वा धक्के बसतात. म्हणजे रस्त्याची लय आणि गाडीची लय जुळली. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं. शॉकअप चांगला असेल तर तो ही उसळी मोडून काढतो. थकलेला असेल तर प्रत्येक लाटेला गाडी जास्तच उसळते.

चाक रस्त्यावर टेकलेलं असतानाच ब्रेक लागतो. उसळीत चाकावरचा दाब कमी होतो, त्याच क्षणी समोर म्हैस आडवी आली तर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. लळिंग घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडकडं चढणाऱ्या घाटात वळणावर हेच झालं तर गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून सस्पेन्शनला फक्त आरामाचा विषय समजू नका. ब्रेकइतकाच हा सुरक्षेचा विषय आहे.

पैसे काढण्याआधी तपासणी

यातल्या बऱ्याच गोष्टी घरी दारातच बघता येतात.

- टायर. टायरच्या बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. जुना, कडक झालेला टायर असेल तर नवं सस्पेन्शनही आपटल्यासारखंच वाटेल. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळ लिहिलेला असतो. 'उन्हाळा आहे' म्हणून अंदाजानं कमी-जास्त करू नका. टायर थंड असताना लिहिल्याइतकाच ठेवा.
- झीज. टायर एका कडेनं झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा बुशचा प्रश्न. हात फिरवल्यावर ठिकठिकाणी खोलगट चट्टे लागले तर शॉकअपवर संशय घ्या.
- तेल. शॉकअपवर धूळ चिकटून काळा ओला थर बसला असेल तर सील गेलं.
- दाबून बघणं. एका कोपऱ्यावर जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिर व्हायला हवी. दोन-तीन झोके घेत असेल तर शॉकअप संपला. पण ही चाचणी पास झाली म्हणजे शॉकअप चांगलाच आहे असं मात्र समजू नका. अर्धवट थकलेला शॉकअप यात सापडत नाही.
- आवाज. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टण्ण' झालं तर स्ट्रटचं वरचं माउंटिंग किंवा बेअरिंग. छोट्या खड्ड्यात 'खडखड' असेल तर आधी लिंक रॉड बघा. ब्रेक मारताना 'खट्ट' असेल तर लोअर आर्मचा बुश किंवा बॉल जॉइंट.
- गंज. स्ट्रट ज्या जागी वर बॉडीला बसतो तिथं, आणि खाली सबफ्रेमवर गंजून पत्रा खाल्लेला असेल तर आधी तो विषय. सडलेल्या पत्र्यावर महागडा शॉकअप बसवण्यात अर्थ नाही.

बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायचं नाही. तो निखळला तर चाक आडवं पडतं.

मग बदलायचं कोणत्या क्रमानं?

वीस वर्षांच्या गाडीचं अपग्रेड म्हणजे बहुतांश वेळा तिला तिच्या पहिल्या दिवसाच्या अवस्थेत नेणं. ते झालं की अर्ध्याहून जास्त लोकांना पुढं काही करावंसं वाटत नाही. क्रम असा ठेवा.

पहिलं: टायर आणि हवा. वर सांगितलंच.

दुसरं: बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, टाय रॉड एंड. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. आयकॉन आणि फिएस्टाला मागे दोन्ही चाकं जोडणारा एक पिळदार बीम आहे, त्यामुळं मागचे मोठे बुश दोनच. पण ते प्रेस करून बसवावे लागतात. हातोड्यानं ठोकून बसवणाऱ्याकडं हे काम देऊ नका. ऑप्ट्राला मागेही प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणून बुश जास्त आणि मजुरीही जास्त.

आता एक बारकावा, जो विसरला तर नवे बुशही लवकर फाटतात. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. तेव्हाच बोल्ट करकचून आवळला तर बुश त्याच स्थितीत पकडला जातो, आणि गाडी खाली आल्यावर कायमचा पिळलेला राहतो. प्रत्येक खड्ड्यात तो आणखी पिळला जातो. 'डुप्लिकेट माल होता' म्हणून दुकानदाराशी भांडण होतं, दोष मात्र फिटिंगचा असतो. मिस्त्रींना हे आधीच नम्रपणे विचारा. चांगला मिस्त्री या प्रश्नावर चिडत नाही.

तिसरं: शॉकअप. ८०,००० किलोमीटरनंतर शॉकअप तपासून घ्यावेत असं साधारण सांगितलं जातं. बदलायचे ते जोडीनं, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एक नवा, एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना आणि वळताना गाडी दोन बाजूंना वेगळी वागेल. पुढचा स्ट्रट उघडलाच आहे तर वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचा बूटही बदला. हे भाग स्वस्त असतात, मजुरी तीच लागते. खानदेशातल्या धुळीत बूट फाटलेला राहिला तर दांड्यावर बारीक माती घासून नवं सीलही लवकर जातं.

खरं अपग्रेड करायचं असेल तर ते इथं करा. कंपनीच्या स्प्रिंगसोबत चांगल्या प्रतीचा गॅस शॉकअप घ्या. आतला गॅस दाबाखाली असल्यामुळं खराब रस्त्यावर तेलाला फेस येत नाही आणि शॉकअप लांबच्या प्रवासातही ढिला पडत नाही.

चौथं: स्प्रिंग. स्प्रिंग सहसा लवकर जात नाही. पण वर्षानुवर्षं ओझं वाहून ती बसते. सपाट जागी प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल किंवा मागची बाजू खाली गेली असेल तर स्प्रिंग बदला.

जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये अनेकांनी डिकीत सीएनजी किंवा एलपीजीची टाकी बसवली आहे. लोखंडी सीएनजी टाकी पन्नास-साठ किलोची सहज असते. म्हणजे एक माणूस कायम डिकीत बसलेला. वर मागे तिघं आणि गावाहून आणलेलं धान्याचं पोतं. अशा गाडीची मागची बाजू बसते आणि हेडलाइट वर होऊन समोरच्याचे डोळे दिपतात. अशा वेळी मागे थोडी कडक स्प्रिंग टाकणं योग्य ठरतं.

पाचवं: अलाइनमेंट. यातलं काहीही उघडलं की शेवटी कॉम्प्युटर अलाइनमेंट करायचीच. ती न केल्यास नवे टायर काही महिन्यांत एका कडेनं संपतात.

हार्ड स्प्रिंग, कापलेली स्प्रिंग, बफर: गणित काय सांगतं?

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. म्हणजे १२ मिलिमीटरच्या जागी त्याच मापाची १३ मिलिमीटर तारेची स्प्रिंग टाकली, फरक फक्त एका मिलिमीटरचा, तरी ती सुमारे ३८ टक्के कडक होते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून 'दुसऱ्या गाडीची बसते भाऊ' या शब्दावर स्प्रिंग बसवू नका.

जुना शॉकअप मूळ स्प्रिंगला आवरत नाही, तो या जास्त ताकदीनं उसळणाऱ्या स्प्रिंगला काय आवरणार? त्यामुळं फक्त हार्ड स्प्रिंग टाकलेली गाडी खड्ड्यात आपटते आणि लाटांवर उसळते. दोन्हीकडून नुकसान.

स्प्रिंग कापणं तर त्याहून वाईट. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते आणि गाडी खाली येते. म्हणजे दणका पचवायला जागा कमी. स्ट्रट थेट बंप स्टॉपवर आदळतो. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, मोठ्या उसळीत स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. आणि आपल्याकडच्या गावागावातल्या स्पीड ब्रेकरवर गाडीचं पोट घासेल ते वेगळंच. लोअर केलेली गाडी रीलमध्ये छान दिसते, पण रीलवाला पारोळ्याच्या बाजारातून गाडी काढत नसतो.

वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर उंची थोडी वाढवतात, हे खरं. पण ज्या वेढ्यांमध्ये ते बसतात ते वेढे काम करायचे जवळपास थांबतात, उरलेल्यांवर जास्त ताण येतो. लग्नाला जाताना दोन दिवसांची सोय म्हणून ठीक. बसलेल्या स्प्रिंगवर तो कायमचा इलाज नाही. उंची फार वाढवली तर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या अॅक्सलचा कोन बदलतो आणि त्याचे जॉइंट लवकर झिजतात.

पॉली बुशचंही असंच. पॉलियुरेथेन रबरापेक्षा टिकाऊ आणि कडक. स्टिअरिंग नेमकं होतं, पण रस्त्याचा प्रत्येक हादरा बॉडीत येतो. रोज घरची माणसं बसणार असतील तर चांगल्या प्रतीचे रबरी बुशच बरे.

पार्ट मिळतात का?

मिळतात, पण शोधावे लागतात. बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड, शॉकअप हे झिजणारे भाग असल्यानं गाडीच्या कंपनीशिवाय इतर कंपन्याही ते बनवतात. गॅब्रिएल कंपनीचे शॉकअपचे कारखाने तर आपल्याच नाशिक आणि चाकणला आहेत. प्रत्येक मॉडेलचा प्रत्येक भाग मिळेलच असं नाही, म्हणून गाडी उघडण्याआधी सामान हातात घ्या. नाहीतर गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये विटांवर उभी राहते.

मॉडेलच्या नावावर सामान मागवू नका. चॅसी नंबर आणि जुन्या भागावरचा पार्ट नंबर द्या. आयकॉन १.३, आयकॉन १.६ आणि डिझेल या गाड्यांचं पुढचं वजन वेगळं, त्यामुळं भागही वेगळे असू शकतात. पक्कं बिल घ्या. भंगारातून काढलेला आर्म किंवा नकल सरळ असेल तर एक वेळ चालतो. भंगारातला शॉकअप, बुश, बॉल जॉइंट नको. तोही तुमच्या गाडीइतकाच म्हातारा असतो.

आणि एक महत्त्वाचं. स्ट्रटमधली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बसवलेली असते. ती काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. तार किंवा दोरी बांधून जुगाड करताना ती सुटली तर माणूस गंभीर जखमी होतो. यूट्यूब बघून घरी हे काम करू नका.

आरटीओचा काय विषय आहे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीमध्ये नोंदलेला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच बाजू उचलून धरली. सीएनजी किटसारख्या मान्यता असलेल्या बदलांना परवानगी आहे, पण त्याची आरसीवर नोंद लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

थकलेला शॉकअप काढून त्याच मापाचा नवा बसवणं ही दुरुस्ती आहे, त्याला कुणी अडवत नाही. स्प्रिंग कापून गाडी जमिनीला टेकवणं किंवा स्पेसर टाकून भलतीच उंच करणं हा बदल झाला. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. बऱ्याच आयकॉन, ऑप्ट्रा या टप्प्यावर आल्या आहेत किंवा येऊन गेल्या आहेत. तिथं भलतं जुगाड दिसलं तर काम अडेल. अपघात झाला तर विमा कंपनीही न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

थोडक्यात काय?

काम एकदम न करता टप्प्याटप्प्यानं करा. आधी टायर, बुश आणि जॉइंट. त्यानंतर महिनाभर गाडी चालवा, नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसोबत. मग गरज वाटली तर शॉकअप. शेवटी, मोजून खात्री पटली तरच स्प्रिंग. प्रत्येक टप्प्यानंतर तोच रस्ता, तोच वेग ठेवून फरक बघा. नेमका कशानं फायदा झाला ते तुम्हालाही कळेल आणि मिस्त्रींनाही.

सगळ्या कामाचा अंदाज आधी कागदावर लिहून घ्या. सबफ्रेम सडलेली असेल, पत्रा गेला असेल आणि खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर भावना बाजूला ठेवून गाडीला निरोप देणं शहाणपणाचं.

पण पत्रा चांगला असेल, इंजिन ठणठणीत असेल, तर नुसत्या 'खट्ट' आवाजापायी गाडी काढू नका, आणि त्याच आवाजासाठी हार्ड स्प्रिंगही टाकू नका. आधी खाली वाकून बुश बघा. काम नीट झालं की फागण्याच्या पुढं त्याच लाटांवर, त्याच ऐंशीच्या वेगात आईचा हात हँडलवरून आपोआप खाली आलेला दिसेल.